चूल, मोळी आणि वाघ

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला आधी कोळसा आठवतो, मग ताडोबाचा वाघ. डोक्यावर मोळी घेतलेली बाई मात्र कुणालाच आठवत नाही. ज्या जिल्ह्याच्या कोळशावर राज्यासाठी वीज तयार होते, त्याच जिल्ह्यातील बाईला चुलीसाठी रान तुडवावे लागते, हे केवढे दुर्दैव!

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ साली अंधारी अभयारण्य आले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाचला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु वाघ नकाशावरची रेघ पाळत नाही. सरपणाला गेलेल्या बाईवर हल्ला झाला की शहरात म्हणतात, "बायका जंगलात जातातच कशाला?" आणि गावात म्हणतात, "वाघ हवाच कशाला?" मला वाटते, दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत. खरा प्रश्न चुलीचा आहे.

माझी आई आजही मोळी आणते. मी रागावलो तर म्हणते, "वाघाचं भेव वाटते रे, पन चुलीले का सांगू?" या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

२०१५ सालच्या जन-वन विकास योजनेतून आणि २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत गॅस आला. आमच्याही आला. पण पहिले सिलिंडर संपले, दुसऱ्याला पैसे जुळले नाहीत आणि शेगडी कोपऱ्यात गेली. शेगडी देणे ही मदत झाली. सिलिंडर पुन्हा भरता येणे हे खरे रक्षण.

कुणी म्हणेल, गॅस दिला तरी मोहफुले आणि तेंदूपत्ता यांसाठी लोक रानात जाणारच. खरे आहे. परंतु त्यांचा हंगाम ठराविक असतो. चूल रोज पेटते. जितक्या फेऱ्या टळतील, तितकी कोवळी झाडे वाचतील आणि बाईची व वाघाची गाठ कमी पडेल.

म्हणून सफारीच्या उत्पन्नातील ठराविक वाटा कडेच्या गावांच्या सिलिंडरसाठी राखावा. ज्यांच्याकडे गुरे आहेत, त्यांना गोबरगॅस द्यावा. गावच्या पडीक जमिनीवर सरपणाची झाडे लावावीत. आणि हे सारे मोळी वाहणाऱ्या बायकांना ग्रामसभेत विचारून ठरवावे.

वाघ पाहायला आपण हौसेने पैसे मोजतो. त्याच्या शेजारी राहण्याची किंमत मात्र माझ्या आईने एकटीनेच का मोजावी?