नेम अचूक, पण कशासाठी?

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत शिरून एका माणसाने १६ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. त्याच्यापाशी दोन पिस्तुले आणि दोन रिव्हॉल्व्हर होती. चारही परवान्याची, नेमबाजीच्या छंदासाठी घेतलेली. तेव्हापासून ब्रिटनमध्ये एक प्रश्न उभा राहिला, तो आजही मिटलेला नाही. मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर हे खेळाचे साधन असू शकते काय?

नेमबाजांचे उत्तर सरळ आहे. कागदी लक्ष्यावर २५ मीटरवरून नेम धरताना पुढची माशी आणि मागची खाच यांत २० सेंटिमीटरचे अंतर असेल, तर तेथे झालेली एक मिलिमीटरची चूक लक्ष्यावर साडेबारा सेंटिमीटरची होते. दहा गुणांचे वर्तुळ मात्र अवघे पाच सेंटिमीटर व्यासाचे! त्यात मोठ्या काडतुसाचा झटका. खरे तर गोळी नळीबाहेर पडते तेव्हा हाताला झटक्याची जेमतेम चाहूल लागलेली असते. नेम चुकतो तो झटक्याने नव्हे, त्याच्या धास्तीने. चाप ओढण्याआधीच मनगट दचकते. म्हणून प्रशिक्षक जिवंत काडतुसांत एखादे रिकामे सरकवून ठेवतात. त्यावर घोडा पडला आणि नळी खाली झुकली, की नेमबाजाची भीती उघडी पडते. ही भीती जिंकणे हाच खेळ, असे या मंडळींचे म्हणणे. ते खोटे नाही.

सरकारने प्रथम या युक्तिवादाला अर्धा मान दिला. १९९७ च्या पहिल्या कायद्याने पॉइंट बावीसपेक्षा मोठ्या बोअरच्या हातबंदुकांवर बंदी आली. लहान बोअरची शस्त्रे क्लबात ठेवण्याची मुभा राहिली. पण मृत्यूला बोअर कुठे कळते? रॉबर्ट केनेडींना १९६८ साली मारणारे रिव्हॉल्व्हर पॉइंट बावीसचेच होते. मे महिन्यात मजूर पक्ष सत्तेवर आला आणि वर्षअखेरीस ही मुभाही गेली. सुमारे १ लाख ६२ हजार हातबंदुका भरपाई घेऊन जमा झाल्या. उत्तर आयर्लंड तेवढे या बंदीतून वगळले गेले.

पुढे काय झाले? हातबंदुकांचे गुन्हे काही वर्षे वाढले, नंतर उतरले. बंदीचे विरोधक पहिला भाग सांगतात, समर्थक दुसरा. हौशी नेमबाजांनी ३० सेंटिमीटर नळीचे आणि ६० सेंटिमीटर लांबीचे रिव्हॉल्व्हर बनवून कायद्यातली फट शोधली. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील नेमबाजी बिस्लेच्या मैदानावर खास सवलतीने झाली. त्या वर्षी आपल्या जसपाल राणाने सेंटर फायर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, ते अशा देशात, जिथल्या सामान्य नागरिकाला तसे पिस्तूल बाळगताच येत नव्हते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. या माणसाचा परवाना रद्द करावा, असे एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच लेखी कळवले होते. ते कोणी मनावर घेतले नाही. म्हणजे चूक प्रशासनाची आणि दंड हजारो निरपराध हौशींना! तक्रार रास्त आहे. तरीही अशी चूक पुन्हा होणारच नाही, याची हमी कोणतेही कार्यालय देऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. २०१० मध्ये कंब्रियात परवान्याच्याच शॉटगन आणि रायफलने १२ जण मारले गेले.

आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि आनंदाच्या भरात केलेला बेफिकीर गोळीबार गुन्हा ठरला. खेळाडूंना वेगळी सवलत आहे, ती असावीच. पण सवलत देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने डनब्लेनचा धडा लक्षात ठेवावा. छंद बंद झाल्याचे दुःख खरे. मात्र त्या शाळेच्या हजेरीपटावर रिकाम्या राहिलेल्या १६ नावांसमोर ते लहानच ठरते.