गोळी मिळते, तपासणी मिळत नाही

एप्रिल लागला की मी धाकट्या भावाला रोज संध्याकाळी फोन करते आणि जेवलास का हे विचारण्याआधी पाणी किती प्यायलास ते विचारते. तो गलाईचं काम करतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातल्या कितीतरी घरांतली पोरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. तोही मिसरूड फुटायच्या वयात तमिळनाडूत गेला. अरुंद गाळा, भट्टीची धग, आम्लाची वाफ आणि दिवसभर निथळणारा घाम. त्यात तो लिथियमच्या गोळ्या घेतो. लिथियम घेणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडं हे औषध बाहेर टाकायचं कमी करतात, रक्तातलं त्याचं प्रमाण चढतं आणि औषधाचं विष होऊ लागतं. म्हणून ही चौकशी.

त्याला बायपोलर आजार आहे. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. नाव तेवढं देत नाही. पहिला झटका आला तेव्हा तो रात्र रात्र जागा असायचा, तरी थकायचा नाही. पहाटे तीनला फोन करून नव्या दुकानाचे बेत सांगायचा, हातात नसलेले पैसे वाटायचा, कुणी अडवलं की अंगावर धावून जायचा. मालकाने शेवटी दोन माणसं सोबत देऊन त्याला गाडीत बसवलं. गावात आल्यावर बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून जे जे करतात ते सगळं झालं. पुढे तो इतका खाली गेला की आई त्याच्या उशाशी बसून राहायची, विहिरीकडे जाऊ द्यायची नाही. मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांनी आजाराला नाव दिलं आणि लिथियम सुरू केलं. आज तो कामावर आहे, त्याचं लग्न झालंय, मुलगी शाळेत जाते. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण या एका औषधाबद्दल मिळेल ते वाचत आले आहे, आणि त्यातून जे कळलं ते आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक घराला कळायला हवं असं मला वाटतं.

मानसिक आजारांवरच्या संशोधनाच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. अमेरिकेत 2019 साली नाकात फवारायचं एस्केटामिन नैराश्यासाठी मंजूर झालं. सप्टेंबर 2024 मध्ये स्किझोफ्रेनियासाठी झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे जोडऔषध आलं. आधीची औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या ग्राहकांना अडवत, हे त्याहून वेगळ्या वाटेने काम करतं. या बातम्या महत्त्वाच्या आहेत, कारण जुन्या औषधांनी गुण न आलेली माणसं त्यांची वाट पाहत आहेत. पण या सगळ्यात एक जुनी गोष्ट मागे पडते. बायपोलर आजारावरचं सर्वांत भरवशाचं औषध पाऊणशे वर्षांपूर्वीच सापडलेलं आहे. ते स्वस्त आहे, भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि त्यावर कुणाचं पेटंट नाही.

त्याची जन्मकथा सांगितल्याशिवाय माझा मुद्दा स्पष्ट होणार नाही. जॉन केड हे ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत साडेतीन वर्षं जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडुरा इथल्या मनोरुग्णालयात साध्यासुध्या साधनांनिशी त्यांनी गिनिपिगांवर प्रयोग सुरू केले. लिथियमचा क्षार दिला की ते प्राणी शांत पडून राहत. केड यांनी आधी तो स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. कित्येक वर्षं उन्मादातच असलेला त्यांचा पहिला रुग्ण काही महिन्यांत इतका सुधारला की त्याला घरी पाठवता आलं. 1949 साली केड यांनी हे सगळं एका छोट्या लेखात छापलं.

पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. घरी गेलेल्या त्या रुग्णाने गोळ्या बंद केल्या आणि आजार उलटला. औषध पुन्हा सुरू झालं, आणि पुढे 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचा क्षार विकला जात होता. त्यानेही माणसं दगावली आणि तो बाजारातून काढून घ्यावा लागला. लिथियम तिथेच संपायचं. ते वाचलं ते मेलबर्न विद्यापीठातल्या एडवर्ड ट्रॉटनर यांच्यामुळे. ज्वालेच्या रंगावरून धातूचं प्रमाण सांगणाऱ्या यंत्राने त्यांनी रुग्णांच्या रक्तातलं लिथियम मोजायला सुरुवात केली. रक्तात किती आहे हे कळलं की मात्रा कमीजास्त करता येते, आणि मात्रा बेतता आली की तेच जीवघेणं द्रव्य सांभाळून वापरता येतं. डेन्मार्कच्या मोगेन्स स्काऊ यांनी 1954 साली रीतसर चाचणी घेऊन त्याचा गुण दाखवला. स्काऊंच्या भावाला वारंवार नैराश्य यायचं, तो पुढे लिथियमनेच स्थिरावला. ते वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. अमेरिकेने मात्र मंजुरी द्यायला 1970 साल उजाडू दिलं.

म्हणजे लिथियमचा शोध दोन भागांत लागला: एक गोळी, दुसरी रक्ताची तपासणी. दुसऱ्या भागाशिवाय पहिला धोक्याचा आहे. आणि आमच्या तालुक्यात पहिला भाग मिळतो, दुसरा मिळत नाही.

तपासणी अवघड नाही. रात्रीची गोळी घेतल्यावर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. रिपोर्टवर आकडा साधारण 0.6 ते 1 च्या दरम्यान असावा. दीडच्या पुढे गेला तर धोका. औषध सुरू करताना आणि मात्रा बदलल्यावर ही तपासणी लवकर करावी लागते. एकदा बसलं की दर तीन-सहा महिन्यांनी. सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइडकडेही लक्ष ठेवायचं, कारण वर्षानुवर्षं घेतलेलं लिथियम दोन्हींवर परिणाम करू शकतं. रक्त कुठल्या नळीत घेतात तेही पाहावं लागतं. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या द्रव्यातच लिथियम असतं. अशा नळीत रक्त घेतलं तर आकडा खोटाच चढलेला येतो आणि सगळ्यांची धावाधाव होते.

हे आमच्याकडे कसं चालतं? गावातून विट्याला जायचं. तिथे नमुना घेतला तरी तो पुढे मोठ्या शहरात जातो. गोळीचा महिन्याचा खर्च एका तपासणीपेक्षा कमी, आणि तपासणीसाठी मजुरी बुडते ती वेगळीच. आकडा हातात येईपर्यंत निम्मा आठवडा सरतो. लिथियमचा आकडा आज काय आहे हे आजच कळायला हवं, विशेषतः जुलाब-उलट्या झाल्यावर, ताप आल्यावर किंवा निर्जळी उपास घडल्यावर.

एकदा सुट्टीत गावी असताना भावाची पाठ धरली. जवळच्या एका दवाखान्यात त्याला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या. लिथियम चालू आहे हे त्याने सांगितलं होतं, तरी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची वेदनाशामकं लिथियम बाहेर पडू देत नाहीत. रक्तदाबासाठीच्या काही गोळ्यांचंही तेच. चार दिवसांत त्याचे हात इतके थरथरू लागले की चहाचा कप धरवेना. जीभ जड झाली, चाल डगमगली. शेजारी म्हणाले, पोरगं दारू प्यायलंय. मिरजेला नेलं, सलाइन लावलं, लिथियम थांबवलं, आणि तो सावरला. वेळेवर पोचलो म्हणून मूत्रपिंडं शाबूत राहिली. थरथर सुरू झाली तेव्हाच तालुक्यात आकडा कळला असता तर हे तिथेच थांबलं असतं.

तपासणीची सोय जवळ नाही म्हणून काय होतं, तर डॉक्टरच लिथियम लिहायला बिचकतात. ही तक्रार आमच्यापुरती नाही; अनेक देशांत लिथियमचा वापर घटला आहे. त्याऐवजी व्हॅल्प्रोएट दिलं जातं, कारण त्याला एवढी काटेकोर तपासणी लागत नाही. पण 2010 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या बॅलन्स या चाचणीत 330 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, आणि आजार उलटू न देण्यात एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा लिथियम सरस ठरलं. शिवाय गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतलेल्या दहा बायकांतल्या साधारण एकीच्या बाळात जन्मजात व्यंग आढळतं. म्हणूनच ब्रिटनने 2024 पासून 55 वर्षांखालच्या कुणालाही ते नव्याने सुरू करण्यासाठी दोन तज्ज्ञांची संमती बंधनकारक केली. आमच्याकडच्या तरुण मुलींना ते किती सहज लिहून दिलं जातं, हे पाहिलं की जीव कासावीस होतो. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत तर लिथियमइतका जुना पुरावा दुसऱ्या क्वचितच कुठल्या औषधामागे असेल.

नवं संशोधन लिथियमलाही सोडून गेलेलं नाही. 2015 साली अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत बायपोलर रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी तयार केल्या गेल्या. त्या वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित होत होत्या, आणि लिथियमने त्यातल्या फक्त त्याच शांत झाल्या ज्या लिथियमचा गुण येणाऱ्या रुग्णांच्या होत्या. कुणाला हे औषध लागू पडेल ते आधी कळण्याची ही वाट आहे. आज ते देऊनच पाहावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये नेचरमध्ये दीड लाखांहून अधिक बायपोलर रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला; आजाराशी निगडित 298 जागा त्यात सापडल्या. त्यात युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकी-अमेरिकी आणि लॅटिनो वंशाची माणसं होती. आपण त्यात नव्हतो. बंगळुरूला निम्हान्स आणि तिथल्या जीवशास्त्राच्या संस्था भारतीय कुटुंबांच्या पेशींवर काम करत आहेत. त्या कामाला भरपूर पैसा मिळावा असं मला मनापासून वाटतं.

पण पेशीत काय घडतं हे कळलं, तरी बरं वाटायला लागलेला माणूस गोळी का सोडतो याचं उत्तर तिथे नाही. भाऊ मला अनेकदा म्हणालाय, "आक्का, आता बरा झालोय की मी. मग गोळी कशाला?" याचं उत्तर बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी शोधलं. 2003 साली छापलेल्या त्यांच्या चाचणीत 120 रुग्ण होते, सगळ्यांची औषधं चालू. निम्म्यांना 21 बैठकांतून आजार समजावून सांगितला: झटका येण्याआधीच्या खुणा कोणत्या, झोप का मोडू द्यायची नाही, गोळी का चुकवायची नाही. उरलेले नुसतेच गटात बसून बोलले. दोन वर्षांत नुसत्या गप्पा मारणाऱ्यांतल्या 92 टक्क्यांचा आजार उलटला, शिकलेल्यांतल्या 67 टक्क्यांचा. गोळ्या दोन्हीकडे होत्या. शिकवणीने एवढा फरक पडला. भावाच्या बाबतीत खूण झोपेची आहे. सलग दोन रात्री तो चार तासांच्या आत उठला की वहिनी मला कळवते आणि आम्ही डॉक्टरांना फोन लावतो.

हे शिकवायला प्रत्येक गावात मनोविकारतज्ज्ञ कुठून येणार, असं लोक विचारतात. नैराश्याच्या बाबतीत त्याचं उत्तर आपल्याच मातीतून मिळालेलं आहे. गोव्यात संगथ संस्थेने आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठका घेतल्या. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. बैठका न मिळालेल्यांत हेच प्रमाण 39 टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पातल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन काम केलं, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. बायपोलर हा नैराश्यापेक्षा वेगळा आजार आहे. औषध तज्ज्ञानेच ठरवायला हवं. पण गोळी चालू आहे का, झोप कशी आहे, रक्त कधी तपासलं, हे तीन प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही. क्षयाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणारी आमची आशाताई हे उत्तम करेल. तिला त्याचं प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला मात्र मिळायला हवा.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर आजार असलेल्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त लोक उपचारांबाहेर आढळले. ते उद्या उपचारांत आले तर त्यांना देण्यासारखी गोळी आपल्याकडे आहे. म्हणून आरोग्य खात्याकडे आणि आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींकडे माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात लिथियमची रक्ततपासणी मोफत व्हावी आणि तिचा आकडा त्याच दिवशी मिळावा.

ज्यांच्या घरी कुणी लिथियम घेतं त्यांच्याशीही दोन शब्द. शेवटच्या रिपोर्टचा कागद रेशनकार्डासोबत ठेवा. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी लिथियम चालू आहे हे सांगा, आणि वेदनाशामक दिलं तर ते चालेल का हे पुन्हा विचारा. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, मीठ एकदम तोडू नका. हातांची थरथर एकाएकी वाढली, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी देऊ नका आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. एरवी मात्र, आता बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायचा विचार मनात आला तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. ते भेटत नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.