लिनक्स टाकलं, पण सॉफ्टवेअर कुठून येतंय ते पाहिलं का?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "सर, दुकानातला कॉम्प्युटर चांगला चालतो, पण विंडोज ११ घेत नाही. लिनक्स टाकू का?"

टाका. पण लिनक्स टाकणं हे तासाभराचं काम आहे. पुढची चार-पाच वर्षं त्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर कुठून येणार, कोण तपासणार आणि कधी येणार, हे ठरवणं म्हणजे खरं काम. ते काम पॅकेज मॅनेजर करतो. आपले बहुतेक लोक त्याच्या सेटिंगकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की धंद्याच्या मशीनवर बाकी काही शिकलं नाही तरी चालेल, एवढं मात्र शिकायलाच पाहिजे.

कमांडचं इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलं आहे. इथे मी त्यामागचं कारण सांगतो.

होलसेलवाला कोण, हे आधी ठरवा

इतवारीतून माल उचलणाऱ्या किराणा दुकानदाराला विचारा. तो रस्त्यात भेटलेल्या कुणाकडूनही तेलाचा डबा घेत नाही. त्याचे दोन-तीन होलसेलवाले ठरलेले असतात. लिनक्समध्येही तसंच आहे. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट यांची आपापली गोदामं असतात. त्यांना रिपॉझिटरी म्हणतात. 'ॲप्ट' नावाचा पॅकेज मॅनेजर फक्त यादीतल्या गोदामातूनच माल आणतो. ती यादी एका साध्या फाईलमध्ये असते. उबुंटू २४.०४ मध्ये ती 'उबुंटू डॉट सोर्सेस' या नावाने आहे, जुन्या आवृत्त्यांत 'सोर्सेस डॉट लिस्ट'.

'ॲप्ट अपडेट' म्हणजे गोदामाचं ताजं दरपत्रक मागवणं. त्याने मशीनमध्ये काहीच बदलत नाही. 'ॲप्ट अपग्रेड' म्हणजे प्रत्यक्ष माल उचलणं. "अपडेट केलं, तरी जुनंच व्हर्जन दिसतंय" ही तक्रार बहुतेक वेळा या दोन कमांडमधल्या गोंधळातूनच येते.

सील तुटलेलं सिलेंडर घेता का?

गॅसचं सिलेंडर आलं की आपण आधी सील पाहतो. प्रत्येक रिपॉझिटरीच्या यादीवर अशीच एक डिजिटल सही असते, आणि ती तपासायची किल्ली आपल्या मशीनमध्ये असते. सही जुळली नाही की ॲप्ट तक्रार करतो: पब्लिक की नाही, माल घेणार नाही.

इथेच घोळ होतो. इंटरनेटवर शोधलं की कुणीतरी सांगतो, "यादीत ट्रस्टेड इक्वल टू येस लिही, एरर जाईल." एरर जाते हो, पण तपासणीही जाते! म्हणजे सील तुटलेलं सिलेंडर डोळे मिटून घरात घेतल्यासारखं झालं. लक्षात ठेवा, पॅकेज बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. तुमच्या गल्ल्याची चावी तुम्ही त्या अनोळखी माणसाला दिलेली असते. एरर आली तर त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावर जा आणि नवी किल्ली तिथूनच घ्या.

म्हणून दुकानाच्या मशीनवर बाहेरचे पीपीए जोडायला माझा विरोध आहे. पीपीए कुणीही उघडू शकतो. नवीन फीचर पाहिजे म्हणून जोडायचा असेल तर घरच्या लॅपटॉपवर जोडा, बिलिंगच्या मशीनवर नको. आणि हो, व्हिडिओ पाहून कमांड जशीच्या तशी चिकटवू नका. माझ्या व्हिडिओतलीसुद्धा! ती काय करते ते समजलं, तरच एंटर दाबा.

ताजं म्हणजे चांगलं, असं नाही

मार्च २०२४ मध्ये जगभर गाजलेलं एक्सझेड प्रकरण आठवा. लिनक्समधल्या एका छोट्या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला तो सापडला. तोवर तो डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोचला होता, स्टेबल शाखेत नाही.

आपल्यासाठी धडा साधा आहे. धंद्यासाठी एलटीएस किंवा स्टेबलच घ्यायचं. उबुंटू २४.०४ एलटीएस आणि त्यावर आधारलेलं लिनक्स मिंट २२, दोघांनाही २०२९ पर्यंत अपडेट आहेत. त्या तारखेची नोंद दुकानाच्या डायरीत करा. मुदत संपलेल्या आवृत्तीचं गोदाम दुसऱ्या पत्त्यावर हलवतात, आणि मग 'अपडेट'ला नुसत्या एरर येतात. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, तेव्हा भाड्याच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवलेल्यांना हेच भोगावं लागलं.

चार सेटिंग, एकदाच

एक, मिरर जवळचा निवडा. उबुंटू २४.०४ मध्ये 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडा, 'सिलेक्ट बेस्ट सर्व्हर' दाबा. मिंटमध्ये हे 'सॉफ्टवेअर सोर्सेस'मध्ये मिळेल. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दुकान चालवणाऱ्यांना फरक लगेच कळतो.

दोन, सुरक्षेचे अपडेट आपोआप, बाकीचे आपल्या सोयीने. मोठं अपग्रेड महिन्याच्या २० तारखेला कधीच करू नका. ३बी भरायच्या दिवशी प्रिंटर रुसला तर ग्राहकाला काय सांगाल?

तीन, अपग्रेड यूपीएसवरच करा. मे महिन्यात आपल्या नागपुरात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अर्ध्यावर वीज गेली तर पॅकेज अर्धवट बसतात. घाबरू नका, 'डीपीकेजी' ची कॉन्फिगर कमांड उरलेलं काम पूर्ण करते. पण आधी 'टाइमशिफ्ट'ने सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतलेला असला की जीव भांड्यात पडतो. तुमच्या बिलांचा बॅकअप मात्र वेगळा घ्यावा लागतो.

चार, पाच-सहा मशीन असतील, म्हणजे कोचिंग क्लास किंवा सायबर कॅफे, तर एका मशीनवर 'ॲप्ट कॅशर एनजी' बसवा आणि बाकीच्यांना प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता द्या. पॅकेज बाहेरून एकदाच उतरतं, बाकीचे घरातूनच घेतात.

प्रत्येकाने लिनक्स घ्यावं, असं मी म्हणत नाही

टॅली विंडोजसाठीच बनतं. तुमचे सीए टॅलीची फाईल मागत असतील तर एक विंडोज मशीन ठेवा. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, बारकोड प्रिंटर, यांचे ड्रायव्हर लिनक्सला आहेत का हे आधी विचारा, मग ठरवा. हट्टापायी गिऱ्हाईक घालवू नये.

पण ब्राउझर, लिबरऑफिस आणि प्रिंट यावर ज्यांचं काम भागतं, त्यांनी क्रॅक केलेल्या विंडोजवर धंदा उभा करणं मला पटत नाही. क्रॅक म्हणजे तरी काय? सही नसलेला, कुठून आला ते माहीत नसलेला माल. तोच प्रश्न पुन्हा.

आणि ज्यांना कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करायचाय, त्यांच्यासाठी इथे काम पडलेलं आहे. लिनक्स टाकून देणारे पुष्कळ मिळतील. दर महिन्याला येऊन यादी तपासणारा, अपग्रेड करून देणारा, काय बदललं ते एका कागदावर लिहून ठेवणारा माणूस दुकानदाराला पाहिजे असतो. सॉफ्टवेअर मोफत असलं तरी तुमची मेहनत मोफत नाही. वर्षाचा करार करा, पैसे बिनधास्त मागा.

शिकायला मराठीत सोय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून, मोफत मिळतात. सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरवरही एक आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या मशीनवरची सोर्सेसची यादी उघडा. प्रत्येक ओळ कागदावर लिहा आणि पुढे लिहा, ही कुणी जोडली, कशासाठी. ज्या ओळीपुढे उत्तर लिहिता येत नाही, ती आधी बंद करा. मग 'अपडेट' चालवा. एरर आली तर ती पूर्ण वाचा. बऱ्याचदा काय चुकलं ते तिथेच लिहिलेलं असतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. काम चालू ठेवा!