पिवळा कागद आणि ‘अहिंसक’ बाग



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात गच्चीवरच्या बागेचा वर्ग झाला. शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येकीला पिवळ्या चिकट कागदांचं एक पाकीट दिलं. म्हणाल्या, “औषध नाही, फवारणी नाही, शंभर टक्के अहिंसक.” पाकिटावरही तेच छापलेलं. मीही आणलं, भेंडीच्या कुंडीत काठीला टांगलं. चौथ्या दिवशी चष्मा लावून पाहिलं तर कागदभर पांढऱ्या माश्या आणि त्यातल्या काहींचे पाय अजून हलत होते.

तेव्हापासून हा शब्द मला टोचतोय.

पांढरी माशी झाड कसं शोधते? लांबून तिला दिसतो तो रंग. कोवळ्या पानाचा पिवळसर हिरवा रंग तिला ओढतो आणि शुद्ध पिवळा तर त्याहूनही जास्त. मावाही पिवळ्याकडे असाच येतो. पण डोळ्यांनी निवडलं म्हणजे निवड संपली असं नाही. पानावर उतरल्यावर ती चालते, पायांनी चाचपते, सुईसारखं तोंड पानात खुपसून रस चाखते. चव पटली तर मुक्काम, नाहीतर उडून दुसरं पान. म्हणजे डोळ्यांची चूक जिभेने सुधारायची सोय तिच्याकडे आहे. चिकट कागद नेमकी तीच सोय काढून घेतो.

तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भ्रमर, मनुष्य असं एकेक इंद्रिय वाढत जाणारं वर्गीकरण आपण पाठशाळेत शिकलो. ही माशी चतुरिंद्रिय. तिचं चौथं इंद्रिय, डोळे, तेच हेरून आपण तिला मारतो. स्वयंपाकात नकळत जीव जातो ती आरंभी हिंसा. माहेरी सांगलीकडे शेती आहे, तिथली उद्योगी. भावाला मी काही शिकवायला जात नाही. पण हौसेच्या चार कुंड्यांसाठी मारायच्याच हेतूने कागद टांगायचा, याला संकल्पी नाही तर काय म्हणायचं? वर फसवणूक, म्हणजे मायाही आलीच. आपण हात लावला नाही, कागदाने मारलं, असं म्हणाल तर कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द कशासाठी पाठ केले होते? चातुर्मासात पालेभाजी सोडायची आणि गच्चीत सापळा टांगायचा! शिवाय कागदाला निवड कळत नाही. माझ्या कागदावर मावा खाणारे दोन ढालकिडेही चिकटले होते.

जाऊबाई म्हणाल्या, “मग बाजारातली फवारलेली भेंडी कशी चालते?” खरं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण म्हणून घरची हिंसा अहिंसा होत नाही.

पांढरी माशी भेंडीला नकोच, हे मलाही मान्य. शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू तीच पसरवते. पण तिची इंद्रियं कळली तर तिला मुळात येऊच न देता येतं. रोप लहान असतानाच बारीक विणीची पांढरी जाळी घाला, आत आधीच कोणी बसलेलं नाही ना ते पाहून. भेंडीला फूल आलं तरी जाळी काढायला नको, तिचं फळ स्वतःच्या परागावर धरतं. खत हात राखून घाला. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्यांचं फावतं. कुंडीतल्या मातीवर चंदेरी चकचकीत कागद पसरला तर खालून आकाशाचा उजेड परावर्तित होतो, माव्याचा आणि माशीचा गोंधळ होतो, बऱ्याच जणी उतरतच नाहीत. हीसुद्धा डोळ्यांची फसवणूकच, कबूल. पण जीव उडून जातो.

ताईंना मी फोन केला. रागावल्या नाहीत, पण “सगळ्या वापरतात” म्हणाल्या. सापळे वाटायचे तर वाटा, मी म्हटलं, पण पाकिटावरचा तो एक शब्द खोडा. पुढच्या वर्गाला मी जाळी घेऊन जाणार आहे. माझं उरलेलं पाकीट मात्र कोणाला देऊ, हे मला अजून सुचलेलं नाही.