सव्वासातची हिरकणी

सात वाजून सतरा मिनिटं. मोबाइलवर बघितलं होतं, म्हणून मिनिटांसकट लक्षात आहे.

डे-केअर सातला बंद होतं. मी हिंजवडीहून सव्वापाचला निघाले होते. मुलाखत झकास झाली होती, स्टोरी डोक्यात तयार होती, स्वारी एकदम खूश होती. आणि मग वाकडच्या पुलाखाली माझी स्कूटर, पुढे टेम्पो, मागे बस, डावीकडे पाण्याचा टँकर. पुणेकरांना पुढचं सांगायला नको!

पोचले तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. पायरीवर डे-केअरच्या ताई पर्स खांद्याला लावून बसल्या होत्या. शेजारी आमच्या चिऊताई. वय वर्षं साडेचार. पायात बूट, पाठीवर सॅक, हातात डबा. मी 'सॉरी सॉरी' करत धावत गेले. ताई काही बोलल्या नाहीत. चिऊही काही बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. निमूट स्कूटरवर पुढे उभी राहिली आणि सिग्नलला एकदाच म्हणाली, "सगळ्यांच्या आया आल्या होत्या."

बस. एवढंच.

मैत्रिणींनो, ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोराला चॉकलेट देता येतं. न रडणाऱ्या पोराला काय द्यायचं?

मी ठरवलं, दिवाळी द्यायची. गिल्ट नावाचा जो प्राणी प्रत्येक आईच्या घरात फुकट राहतो ना, तो रात्री अकराला जागा होतो आणि प्लॅनिंग करायला बसतो. लॅपटॉप उघडून मी चक्क एक्सेल शीट केली. पहिला कॉलम आकाशकंदील, दुसरा किल्ला, तिसरा रायगड ट्रिप. ट्रिप किल्ल्याच्या आधी, म्हणजे लेकीला 'रेफरन्स' मिळेल! नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ही दिवाळी आहे की रिलीज प्लॅन?" आयटीतल्या माणसाने असं विचारावं म्हणजे बघा.

कंदिलाचं लवकर उरकलं. बांबूच्या कामट्या, घोटीव कागद, डिंक आणि नवऱ्याची इंजिनीअरिंगची डिग्री एवढ्या सामग्रीत षट्कोनी कंदील करायचा होता. पंचकोनी झाला. त्यातही एक कोन पडलेला. चिऊने त्याला 'झोपलेला कंदील' असं नाव दिलं आणि तो तसाच बाल्कनीत लागला.

मग दिवाळीच्या आधीच्या शनिवारी पहाटे आम्ही निघालो. नवरा, मी, चिऊ आणि सासूबाई. ताम्हिणी घाटात एकदा उलटी (चिऊ), माणगावला एकदा भांडण (आम्ही दोघं) आणि दुपारी पाचाड. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या काही दिवसांत जिजाऊ गेल्या. शाळेत ही तारीख पाठ केली होती, पण त्या समाधीसमोर उभं राहून पहिल्यांदाच वाटलं, बाई तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. सासूबाई कितीतरी वेळ हात जोडून उभ्या होत्या. रात्री एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी पिठलं, भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. एकदम स्वर्ग!

दुसऱ्या दिवशी सकाळी रोप-वे. पायऱ्या चढायचा माझा फार आग्रह होता, पण सासूबाईंचे गुडघे आणि लेकीचा मूड यांनी मिळून माझा पराभव केला. १९९६ पासून हा रोप-वे आहे. चार-पाच मिनिटांत तुम्ही वर. खालच्या स्टेशनापाशी आले आणि गावाचं नाव वाचलं. हिरकणीवाडी.

खरं सांगते, तोपर्यंत हिरकणी माझ्या डोक्यात नव्हतीच. माझ्या शीटमध्ये राजसभा होती, बाजारपेठ होती, जगदीश्वराचं मंदिर होतं. राजसभेत मजा आली. एका टोकाला हळू बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं असं सांगतात, म्हणून नवरा सिंहासनाच्या बाजूला आणि चिऊ नगारखान्याच्या दाराशी. तिने कुजबुजत जगातला पहिला संदेश पाठवला, "बाबा, भूक लागली." पोचला!

मग गाइडकाका आम्हाला गंगासागर तलावाच्या पश्चिमेला घेऊन गेले आणि हिरकणीची गोष्ट सुरू झाली. तुम्हाला माहीत आहेच. गडाखालच्या वाडीत राहणारी हिरकणी कोजागिरीला दूध घालायला वर आली. उशीर झाला. सूर्य मावळला, दरवाजे बंद. घरी तान्हं बाळ. तिने पहारेकऱ्यांच्या विनवण्या केल्या, पण रात्री दरवाजा उघडायचा नाही हा हुकूम, आणि तो सगळ्यांना सारखाच. मग ती माउली अंधारात कडा उतरून घरी गेली. सकाळी महाराजांना कळलं. त्यांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. तोच हा हिरकणीचा बुरूज.

आख्यायिका आहे ही. लहानपणी मी ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. या वेळी मात्र मला घाम फुटला. बाई सकाळी कामाला निघाली. काम लांबलं. दार बंद व्हायची वेळ ठरलेली. पलीकडे लेकरू. अहो, ही तर माझ्या गुरुवारची स्टोरी!

चिऊने कडा वाकून बघायचा हट्ट धरला (बाबाने दोन्ही हातांनी धरून दाखवला) आणि मग तिचे प्रश्न सुरू झाले.

"तिचं बाळ कोणाकडे होतं?"

"घरी होतं."

"घरी कोण होतं?"

मी गाइडकाकांकडे बघितलं. गाइडकाकांनी डोंगराकडे बघितलं. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतोय, पण हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता.

"आणि आता तिला उशीर झाला तर ती इथून उतरणार?"

"नाही गं," मी म्हटलं, "आता इथे बुरूज आहे ना. आता इथून उतरता येणार नाही."

"म्हणजे तिचा रस्ता बंद केला?"

मी गप्प. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "किल्ल्याला तसं करावं लागतं, बाळा. तिला उतरता आलं म्हणजे शत्रूला चढता आलं असतं." बरोबरच आहे. राजधानीचा गड तो! तिथे फट ठेवून चालत नाही. महाराजांनी त्या बाईच्या धाडसाचं मोलही केलं आणि गडही सांभाळला.

पण येताना घाटभर माझ्या डोक्यात तेच. गडाला फट नको, हे ठीक. आपल्या घराला, ऑफिसला, सोसायटीलाही नको? आम्ही हिरकणीचं कौतुक काही कमी केलेलं नाही. एसटीच्या निमआराम बसला तिचं नाव दिलं. बसस्थानकांवर, ऑफिसांत बाळाला दूध पाजायच्या खोलीला 'हिरकणी कक्ष' म्हणतात. २०१९ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. चांगलंच आहे की! पण रोजच्या आयुष्यात काय होतं? कुणी कडा उतरून आली की आपण टाळ्या वाजवतो. "कसं जमवतेस गं सगळं? सुपरमॉम आहेस!" आणि एकदा सुपरमॉम म्हटलं, की त्या बाईला 'मला जमत नाहीये' म्हणायची वाटच उरत नाही. कौतुकाचा बुरूज बांधून झालेला असतो ना!

नोकरी करणाऱ्यांसाठी थोड्या वाटा झाल्यात. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं काय? माझी बॉस मीच. आणि टू बी फ्रँक, ही बॉस अजिबात चांगली नाही. चिऊ दीड महिन्याची असताना तिने माझ्याकडून एक कव्हर स्टोरी लिहून घेतली होती. लोकांनी कौतुक केलं. मी बुरूजावर!

असो. घरी आल्यावर किल्ला.

सेक्रेटरीकाकांची परवानगी काढून पार्किंगच्या मागचा कोपरा मिळवला. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटचं काम चालू होतं, तिथल्या उरलेल्या विटा. किराणावाल्याकडची दोन रिकामी गोणपाटं. नर्सरीतून लाल माती. मातीचे मावळे. रेडिमेड किल्ला मिळतो हल्ली, उचलून आणला की झालं, पण एक्सेल शीटमध्ये 'स्वतः करणे' असं लिहिलं होतं ना! जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात रायगड आहे. म्हटलं, आपलाही रायगड तसाच पाहिजे. फोटोची प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली आणि कामाला लागले.

चिऊने दारात डायनोसॉर ठेवला. मी उचलला. तिने पायऱ्या तिरक्या केल्या. मी सरळ केल्या. तिने महाराजांना तळ्याकाठी बसवलं. "अगं, महाराज वर सिंहासनावर ना!" चिखलात बुडवलेलं गोणपाट मी विटांवर असं काही पसरलं, की खरोखरचे कडे वाटावेत. मागे वळून बघते तर चिऊ गायब. पलीकडे फरशीवर खडूने रेघोट्या ओढत बसली होती.

सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुझा किल्ला छान होतोय गं."

'तुझा'.

सासूबाई कमी बोलतात. पण बोलतात तेव्हा थेट मुद्द्याचं बोलतात. लेकीसाठी म्हणून मांडलेल्या सगळ्या पसाऱ्यात लेकच नव्हती. मी तिथे हजर होते, कोपरापर्यंत चिखलात होते आणि तरीही सव्वासातच वाजले होते.

भिंतीवरची प्रिंट काढून टाकली. चिऊजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "कुठला किल्ला करायचा गं?"

"हिरकणीचा," खडू न थांबवता ती म्हणाली.

मग मी फक्त माती कालवली. मजुरी! पायऱ्या तिरक्याच झाल्या. एक मावळा दरवाजापेक्षा उंच, त्यामुळे तो कायम बाहेरच. महाराजांना मात्र तिने स्वतःहून सगळ्यात वर नेऊन बसवलं, "म्हणजे त्यांना सगळं दिसेल." डायनोसॉर पहाऱ्यावर परत रुजू झाला. आणि शेवटी तिने मागच्या बाजूला दोन विटांच्या मधलं गोणपाट ओढून बाजूला केलं. चांगलं भगदाड!

"हे काय?"

"मागचं दार. आयांसाठी. रात्री पण उघडं."

"आणि शत्रू आला तर?"

"डायनोसॉर आहे ना," ती म्हणाली. आईला एवढंही कळत नाही, असा चेहरा.

भाऊबीजेच्या रात्री मी डे-केअरच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाइप केला. 'मला कधीकधी यायला उशीर होतो. अशा वेळी चिऊला कुणी आपल्याबरोबर घरी नेऊ शकेल का? मीही इतरांसाठी करीन.' तीन ओळी. चार वेळा खोडल्या. कडा उतरणं सोपं वाटावं, इतकं ते 'सेंड' अवघड होतं. लोक काय म्हणतील? हिला जमत नाही?

दहा मिनिटांत तीन उत्तरं आली. एक म्हणाली, "अगं, मी वर्षभर हेच विचारायचं म्हणत होते." दुसरीने नुसतेच हात जोडलेले पाठवले. तिसरे एक बाबा होते, गुरुवार-शुक्रवार घरून काम करणारे. आम्ही चौघांनी वेगळा ग्रुप केला. नाव, अर्थातच, 'मागचं दार'.

त्यानंतर मला दोनदा उशीर झाला. मी तीनदा दुसऱ्यांची पोरं आणली, त्यातल्या एकाने आमच्या सोफ्यावर दूध सांडलं. चालायचंच. परवा पावणेआठला चिऊला घ्यायला त्या बाबांच्या घरी गेले. बेल वाजवताना तोच जुना गोळा पोटात. दार उघडलं. आत तीन पोरं, मॅगी आणि प्रचंड आरडाओरडा. चिऊने मान वर केली आणि वैतागून म्हणाली,

"आई! इतक्या लवकर का आलीस?"

ता. क. : किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी शिंपडा आणि रोज हाताने हलकंसं पाणी मारा, बादली ओतू नका. चार-पाच दिवसांत मस्त कोंब येतात. दिवाळी झाली की माती गटारात लोटू नका, कुंड्यांत भरा. मावळे कागदात गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतात. आणि फोटोची प्रिंट? ती काढूच नका.