राष्ट्रांनी दिलेली हमी

एखाद्या देशाच्या भूमीवर आक्रमण झाले असता इतर राष्ट्रांनी मध्ये पडलेच पाहिजे काय? युक्रेनच्या युद्धापासून हा प्रश्न पुन्हा चर्चेत आहे. ‘दुसऱ्याच्या भांडणात आपण कशाला पडावे?’ हे त्यावरचे सोपे उत्तर आम्हांस मान्य नाही. त्याचे कारण इथिओपियाच्या इतिहासात सापडते.

इथिओपिया, म्हणजे तेव्हाचा अ‍ॅबिसिनिया, १९२३ साली राष्ट्रसंघाचा सभासद झाला. प्रत्येक सभासदाच्या प्रादेशिक अखंडत्वाची हमी राष्ट्रसंघाच्या करारातील दहाव्या कलमाने दिलेली होती. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या इटलीने त्या देशावर चाल केली. राष्ट्रसंघाने इटलीस आक्रमक ठरविले, निर्बंधही लादले. परंतु ज्या तेलावर इटलीची रणगाडे-विमाने चालत होती, नेमके तेच वगळले. इटालियन जहाजांना सुएझ कालवाही खुला राहिला. विषारी वायूचा मारा सोसत लढणाऱ्या देशाची राजधानी मे १९३६ मध्ये पडली. ३० जून रोजी सम्राट हैले सेलासी यांनी जिनिव्हात स्वतः उभे राहून दाद मागितली. जुलैत निर्बंधच उठविण्यात आले.

हस्तक्षेपाच्या नावाखाली बलाढ्य राष्ट्रे स्वार्थ साधतात, हा आक्षेप खोटा नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत करताच सुरक्षा परिषदेच्या ठरावानुसार अनेक देशांच्या फौजा धावल्या. त्या तत्परतेमागे तेलाचीही चिंता होती, हे कोण नाकारील? परंतु यावरून मदत करूच नये, हे सिद्ध होत नाही. ती स्वार्थ पाहून नव्हे, तर आधी ठरलेल्या नियमाने व्हावी, इतकेच सिद्ध होते.

मदत म्हणजे केवळ सैन्य नव्हे. पीडित देशाने हाक देताच आक्रमकाचे तेल, शस्त्रे व व्यापार रोखणे, आणि त्याची झळ स्वतः सोसणे, हे पहिले कर्तव्य होय. सैन्य हा शेवटचा उपाय. ज्यांना एवढेही करावयाचे नसेल त्यांनी हमीच देऊ नये. खोट्या हमीवर विसंबलेला दुर्बल देश दुप्पट फसतो.

टाळलेला खर्च पुढे दुसऱ्यालाच भरावा लागतो. १९४१ मध्ये इथिओपियाशेजारच्या एरिट्रियात, केरनच्या डोंगरांत, इटलीच्या फौजेशी जे हिंदी सैनिक लढले त्यांत मराठा पलटणींचे जवानही होते. तेल रोखण्याचा तोटा ज्यांनी टाळला, त्यांच्या वतीने किंमत मोजली ती या खेड्यापाड्यांतल्या मुलांनी.

कागदावरचे संरक्षण आणि वेळेवर मिळणारे संरक्षण यांतील अंतर आपल्या समाजास कोणी समजावून सांगावयास नको. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली की चांगला कायदाही दुबळा होतो. राष्ट्रांचेही तसेच आहे. म्हणून या विद्यालयातून बाहेर पडलेल्या आमच्या मुलामुलींनी दूरदेशीच्या आक्रमणाची बातमी वाचून ‘आपला काय संबंध?’ असे म्हणू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.