घाईचे भाषांतर

धरणगावात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीच्या दिवसांत कुणालाही हाक मारा, उत्तर येते, "डोकं खाजवायला फुरसत नाही!" इंग्रजी ‘बिझी’चे अस्सल मराठी हेच. भाषांतरांत मात्र जो तो ‘व्यस्त’ असतो. हा अर्थ हिंदीतून आला. आपल्या गणितात ‘व्यस्त प्रमाण’ म्हणजे उलटे प्रमाण. आता घाईचे पाहा. डॅनिशमध्ये कामात असणे आणि घाईत असणे, दोन्हींना ‘ट्राउल्ट’ हा एकच शब्द पुरतो. आपल्याकडे मात्र पाहुणे येणार म्हणून लगबग, लग्नघरी धांदल, आणि कापूस अंगणात असताना पाऊस आला की तारांबळ! एवढी श्रीमंती वापराविना पडून राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाषांतरकारांनो, कोश उघडण्याआधी घाई कुणाची आणि कशापायी, एवढे जरूर विचारा.